सुट्टे पैसे द्यावेत

मुंबई नाक्यावरून आत, हॉस्पिटलच्या पोटात आमचं मेडिकल.
शटर आहे, पण खाली ओढलेलं मी कधी पाहिलं नाही;
त्याच्या खाचेत पारव्यांनी काड्या आणून ठेवल्यात.

काउंटरच्या काचेला सुतळीने टांगलेली पाटी:
'फार्मासिस्ट पाहिजे. अनुभवी असल्यास प्राधान्य.'
मी रुजू झाले त्या दिवशी कोठावदे अण्णांनी ती नुसती उलटी केली.
मागे लिहिलेलं, 'सुट्टे पैसे द्यावेत.'
म्हणाले, फेकत नाही. लागतेच दर सहा महिन्यांनी.

माझं आडनाव पगार.
लोक हसतात, अण्णा जरा जास्तच:
"पगारबाई, घरचाच पगार असताना वर कशाला मागता?"
चौदा हजार. त्यातून पांढऱ्या कोटाचे चारशे कापले
पहिल्याच महिन्यात.

माझ्याआधी शेवाळे होता. तो एमआर झाला.
आता बॅग घेऊन येतो आणि काचेच्या पलीकडे ताटकळतो.
त्याच्याआधी जयंती गांगुर्डे. कळवणला सरकारी दवाखान्यात लागली,
कंत्राटी, पण रात्री झोपते म्हणे.
आणि माझ्या वर्गातला धनंजय भामरे
अंबडला पॅकिंग लाइनवर खोकी मोजतो;
त्याचं सर्टिफिकेट मात्र पिंपळगावच्या एका दुकानात
रोज वेळेवर कामाला जातं,
फ्रेममध्ये बसून, उदबत्ती घेत.
त्याचं भाडं येतं त्याला वर्षाला.
मला हसू येतं. मग हिशेब करून पाहते.

स्टूल एकच. त्यावर बिलाचा प्रिंटर.

परवा रात्री पावणेतीन.
टाचा दुखून दुखून गप्प झालेल्या.
एक माणूस आला, स्वेटर उलटा घातलेला, हातात चिठ्ठी.
आठ महिन्यांचं बाळ, ताप.
थेंब लिहिलेले, आणि पुढे पाच एमएल, दिवसातून तीनदा.
पाच एमएल सिरपचे असतात.
थेंबांचे नसतात. आठ महिन्यांच्या जिवाला तर नसतातच.

वर फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला.
"ताई, बाटली काढून द्यायला इतका वेळ?"
मागून कुणीतरी म्हणालं, नवीन दिसते.
चौथ्या वेळी डॉक्टरांनी उचलला;
त्यांची कितवी सलग रात्र होती कोण जाणे,
आवाज पाण्याखालून आल्यासारखा.
"हो... हो हो. पॉइंट आठ. पॉइंट आठ करा."
ड्रॉपरवर पेनने रेघ मारून दिली:
इथपर्यंत. याच्या वर नाही.
त्याने पाचशेची नोट पुढे केली.
मी पाटीकडे बोट दाखवलं.

बिल अठ्ठेचाळीस रुपयांचं.
पॉइंट आठ त्यावर कुठेच छापून आलं नाही.
बाळाचं नाव विचारायचं राहिलं.

आज पाटी पुन्हा सुलटी.
दिवसपाळीचा पोरगा काल जेवायला जातो सांगून गेला
तो डबा इथेच ठेवून.
साडेनऊला सिन्नरहून एक मुलगी आली, फाइल छातीशी धरून.
अण्णा फोनवर गोळे कॉलनीशी भांडत होते,
इन्सुलिन आलं नाही म्हणून.
तिने पगार विचारला नाही, सुट्टी विचारली नाही.
काचेवर वाकून हळूच म्हणाली,
"इथे बसायला मिळतं का हो?"

प्रिंटर वाटला त्यापेक्षा जड निघाला.
वायरीसकट खाली ठेवला, फरशीवर.
"मिळतं," म्हटलं,
आणि कोटाच्या बाहीने स्टूल पुसलं.