थांबलेले तास

सात पाचला चाकं टेकली लातूरच्या धावपट्टीला.
साहेब लग्नाला गेले. "दोन तासांत येतो."
आता साडेचार.

विमानाच्या पंखाखालची सावली सरकते,
तशा आम्ही दोघं खुर्च्या सरकवतो.
पत्र्यावर एक होला, तोही ड्यूटीवर असल्यासारखा.

रेवण बिडवे, माझा को-पायलट, औशाचा.
दीड हजार तास. त्यातले नऊशे
माझ्या उजव्या हाताला बसून.
डबा उघडता उघडता म्हणाला,
"सर, कागद टाकलाय. एअरलाइनला जायलो."

मला अंदाज होता. महिनाभर त्याचं लॉगबुक
फार नीट अक्षरात असायचं.

कागद पडल्यावर कंपनीला सुचलं:
चाळीस टक्के वाढवू.
चार वर्षं हे टक्के कुठल्या हँगरात उभे होते?

"पगाराचंच आहे का रे?"
भाकरी मोडत म्हणाला,
"पगाराचं बी हाय. पण तिथं रोस्टर मिळतंय.
कोणत्या दिवशी घरी असणार, आधी कळतंय."

उडालेला तास लॉगबुकात जातो.
थांबलेला कुठं लिहायचा,
बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.
बायको विचारायची. आता तीही नाही विचारत.

सहाला साहेब आले, अत्तरासकट.
"चला कॅप्टन."
कोणाला म्हणाले? दोघांनाही.
नावं त्यांना लागत नाहीत.

उजेड थोडा उरलेला.
टेक-ऑफ मी रेवणला दिला,
आणि वेग वाचत गेलो, मोठ्यानं,
त्याच्या पहिल्या दिवशी वाचला तसा:
ऐंशी. शंभर.
मग ठरलेला शब्द सोडून
तोंडातून निघालं,
उचल.