बारा फ्रेम

ओशिवऱ्याला, टायरच्या दुकानावर, एडिटिंगची खोली.
तिथे सात महिने मी माणसांची आडनावं कापली.

सिनेमात दुसरं काही नाही.
सदतीस माणसं, मागे चुन्याची भिंत, एकच प्रश्न :
पूर्ण नाव सांगा.
माणूस स्वतःचं सांगतो, बापाचं सांगतो,
मग नुसते ओठ हलतात.
बारा फ्रेम. म्हणजे अर्धा सेकंद.
मानखुर्दच्या नर्सला सोळा लागल्या,
ती जरा थांबून बोलली होती.

ओजस म्हणाला, कापलेलं उडवून टाक.
मी नाही उडवलं.
'शेपट्या' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं
आणि एका रात्री सलग ऐकलं.
कुणी आडनाव टेबलावर किल्ल्या टाकाव्यात तसं टाकलं होतं,
भायखळ्याच्या वेल्डरनं आधी घसा साफ केला होता.

फोर्टात, स्टेशनरीच्या गोदामावरचा हॉल, चाळीस खुर्च्या.
तिसऱ्याच माणसाला कुणीतरी ओरडलं, आवाज गेला!
प्रोजेक्टरवाला धावला, केबल हलवून आला.
मग लोकांना खेळ कळला.
ओठ मिटले, म्हणजे 'प' नाहीतर 'म'.
फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचं तर दोघांनी एकदम सांगितलं.
गिरगावच्या पेन्शनरपाशी सगळे गप्प.
खात्री असली की माणूस अंदाज करत नाही.

एकविसावी मी.
एक बाई ऐनवेळी आली नाही, म्हणून मला बसवलेलं.
माझे ओठ हलले, आणि मागच्या रांगेत
वेफर्सची पिशवी मिटत कुणीतरी म्हणालं,
ही आपल्यातलीच गं.
बाळकृष्ण म्हणाली बघ, ळ कसा स्वच्छ आला.

तो ळ मी अकरावीत कमावला,
चेंबूरच्या मोरीत, तोटी पूर्ण सोडून,
कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून :
नळ. नळ. नळ.
आई अजून त्यांना बालकिस्नच म्हणते.

राग यायला हवा होता. आलाही, नंतर.
पण त्याच्याआधी, अगदी थोडा वेळ,
मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओजसचा फोन,
श्रेयनामावली राहिलीय, तुझं पूर्ण नाव टाकू ना?
सांगते म्हटलं.
'शेपट्या' उघडलं, माझा तुकडा शोधला.
कापला मीच होता, मोजला कधी नव्हता.
बारा नव्हत्याच त्या.
सात फ्रेम.
एवढ्या घाईत उरकलं होतं मी.