अर्धा सूर खाली

डिसेंबर लागला की पारामिनच्या चढावर
थाइमच्या वाफ्यांमधून
आमची जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाते.
मागे सात माणसं, दोन क्वात्रो, एक फिडल, एक ढोलक
आणि माझ्या मांडीवर माझे चाक-चाक,
सुक्या तुंब्यांत भरलेल्या बिया.
वाजू नयेत म्हणून मी ते घट्ट धरतो,
तरी प्रत्येक खड्ड्याला ते आपलं मत देतातच.

पारांगची गाणी स्पॅनिशमधली.
आम्हाला स्पॅनिश येत नाही.
अँसेल्म म्हातारा म्हणतो, मला येतं.
परवा बाजारात व्हेनेझुएलाच्या एका पोरीनं
त्याला कांद्याच्या पातीचा भाव विचारला
तर यानं तिला बाळ जन्माला आल्याची बातमी सांगितली,
गोठ्यासकट, ताऱ्यासकट.
तिनं तीन जुड्या घेतल्या.

रीत अशी की अंधारात दाराबाहेर उभं राहायचं,
गाऊन दार मागायचं.
आतले जागे असतात, कान देऊन असतात,
पण लगेच उघडणं बरं दिसत नाही.
मग केळीच्या पानातली पास्तेल, रममध्ये मुरलेला काळा केक,
आणि निघताना निरोपाचं गाणं.
ते गायल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

यंदा जीपमध्ये भांडण.
किर्विन एकोणीस वर्षांचा, त्याला सोका हवा,
त्याच्या स्पीकरमध्ये अख्खा रस्ता नाचवायची ताकद आहे म्हणे.
खालच्या आळीची दुलारी तिच्या भावाला घेऊन आलेली,
त्याच्या हातात दंडताल : लोखंडी सळई आणि नाल.
ती गाते त्याला इथे चटणी म्हणतात,
आणि ती तोंडी लावण्यापुरती कधीच थांबत नाही.
“हे पारांग नव्हे,” अँसेल्म म्हणाला.
“तुझं स्पॅनिश तरी कुठे स्पॅनिश आहे?” दुलारी म्हणाली.
फिडलवाला खोकल्याच्या आड हसला.

मग इग्नासियाचं वळण आलं.
लिओन्सियो आमचा बेस वाजवायचा,
चहाचं खोकं, एक काठी, एकच तार.
ऑगस्टमध्ये गेला.
शोकाच्या घरी गावं की नाही, कोणी कोणाला विचारलं नाही.
ड्रायव्हरनं दिवे बंद केले,
जीप उताराला सोडून दिली, श्वास धरल्यासारखी.
तिच्या दारापुढेच खड्डा.
माझ्या मांडीवरच्या बिया बोलल्या.

खिडकी उघडली.
“चोरांसारखे कुठे निघालात?”
“इग्नासिया, आम्हाला वाटलं…”
“वाटायचं ते बाहेर उभं राहून वाटू दे. गा.”
आणि खिडकी लावून घेतली.

आम्ही गायलो. बेसच्या जागी भोक होतं,
त्याला टाळून टाळून.
तिनं किल्ली फिरवली ती सातव्या कडव्याला.
आत खोकं कोपऱ्यात, त्यावर इस्त्रीचे कपडे.
आल्याची बिअर ओतता ओतता ती म्हणाली,
“चौतीस वर्षं तो अर्धा सूर खाली वाजवत होता.
एकानंही सांगितलं नाही त्याला.”
अँसेल्मनं क्वात्रोची तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली.
“सांगायचं कशाला? आम्हीच खाली लावायचो.”
मग हळूच : “आजही तशीच लागली आहेत.”

बराच वेळ कोणी काही वाजवलं नाही.
मग दुलारीच्या भावानं सळईवर नाल टेकवली,
टिंग, एकदा, जणू चुकून,
आणि दुलारीनं तोच खालचा सूर धरून
तिची चटणी सुरू केली.
किर्विनचा स्पीकर बॅटरी संपून मेला
तेव्हा तो इस्त्रीच्या टेबलावर बोटं आपटू लागला.
सोका होतं का ते? असावं.
इग्नासियानं कपडे उचलले, पलंगावर टाकले,
खोकं मात्र जागचं हलवलं नाही,
त्याच्यावर फक्त टाच वाजवली,
थोडी उशिरा, लिओन्सियोसारखी.

निघताना अँसेल्मनं निरोपाचं गाणं उचललं.
तिनं त्याच्या तारांवर हात ठेवला.
“ते नको. तसेच जा.”
मग आम्ही तसेच बाहेर पडलो,
हात-पाय कुठे ठेवावेत ते न कळून.
जीप चढणीला लागली तर मागून हाक :
“केकची बशी कोणी नेली? उद्या परत आणा!”
ती माझ्या मांडीवर होती,
चाक-चाकच्या खाली,
खड्ड्याखड्ड्याला किणकिणत.