सुकतीला मोजलेलं अंतर

रात्री पावणेतीनला पुन्हा खट्.
मेन बोर्डातला काळा खटका खाली,
पडवीतल्या डब्यावर लाल दिवा
आणि गाडी एकोणतीस टक्क्यांवर अडलेली,
तोंडात घास धरून झोपी गेलेल्या पोरासारखी.

सहाला मला आरोंद्यापासून सुरुवात करायची असते.
मग रेडी, शिरोडा, आजगाव.
उपाशीपोटीच्या शुगरी, कुणाचं थायरॉइड,
लाल-जांभळ्या बुचांच्या नळ्या बर्फाच्या पेटीत,
नऊच्या आत सावंतवाडीच्या लॅबला.
रक्त कुणासाठी थांबत नाही.
म्हणजे थांबतं, गोठतं,
तोच तर त्रास.

कंपनीच्या नंबरावरची गोड बाई
दर वेळी माझं नाव नव्यानं विचारते.
तक्रार क्रमांक मी आता पाढ्यासारखा म्हणते.
"स्क्रीनवर काय दिसतंय, मॅडम?"
"अर्थ सापडत नाही, असं."
तिकडे जरा शांतता.
मग दोघीही हसलो, पहिल्यांदाच.

आग्नेल वायरमन आला, चपला काढून
अर्थिंगच्या खड्ड्याशी उकिडवा बसला.
जांभा, त्यात एप्रिल.
"जमनीत ओलच नाय, बाय. करंट जातलो खंय?
दोन घमेली मीठ घाल, दोन घमेली कोळसो,
आणि रोज सांजेक एक कळशी पाणी."

मिठासाठी मिठागरावर गेले.
तिथे आबांनी अठरा वर्षं फळी ओढली,
त्यांच्या टाचांच्या भेगा शेवटपर्यंत पांढऱ्या होत्या.
पोतं डिकीत टाकताना वसोबा म्हणाला,
"गाडयेची कढी करतंस काय?"

आठ दिवस बरे गेले.
नवव्या रात्री पुन्हा लाल.
या वेळी चार्जिंग गनच्या तोंडात,
पिनांच्या मुळाशी, हिरवा कळंक.
हेही मीठच,
न मागता वाऱ्यानं घरपोच आणलेलं.

कोल्हापूरहून इंद्रजित मगदूम आला.
इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.
सगळ्या बाजूंनी फोटो काढले,
मग वॉरंटीच्या कागदावर बोट ठेवलं:
समुद्रापासून पाचशे मीटरच्या आत
गंज चढल्यास कंपनी जबाबदार नाही.
"भरतीला की सुकतीला?" मी विचारलं.
"सुकती म्हणजे?"
"ओहोटी."
त्यानं कागद उलटा करून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

सकाळचे अकरा वाजत आले होते.
पाणी सुरूच्या मुळांपर्यंत चढलेलं,
माडांमधून सरळ त्याच्याकडे बघत होतं.
तो गप्प उभा राहिला.
मग फोटो काढायचा मोबाइल खिशात घातला
आणि हळूच म्हणाला, "ओहोटी कधी लागते?"

पौर्णिमा. पंधराची पाऊणपट, सव्वाअकराला भरती.
साडेपाचला पुरी सुकती.
हा हिशेब आबांचा, मी फक्त बोटं वापरली.

बांद्याची एक तक्रार उरकून
तो पाचला परत आला.
यायची गरज नव्हती.
बूट हातात, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली,
आग्नेलनं टेपचं एक टोक माझ्या पडवीच्या खांबाशी धरलं,
दुसरं घेऊन मगदूम चालत सुटला
ओल्या वाळूत, खेकड्यांच्या भोकांवरून,
जिथं दुपारी माणूस बुडाला असता तिथंवर.
सतरा वेळा तीस, वर बावीस.

पाचशे बत्तीस, त्यानं लिहिलं.
वेळ लिहायला कागदावर रकाना नव्हता.

नवी गन बाराव्या दिवशी आली.
आता रोज जुन्या टूथब्रशनं पिना पुसते,
खड्ड्यात कळशी ओतते,
पाणी जिरेपर्यंत उभी राहते.
पावणेतीनला जाग येतेच, सवयीनं.
पडवीत हिरवा दिवा.
त्या वेळी कधीकधी
समुद्र किती जवळ आलेला असतो,
ते मी कुणाला सांगत नाही.