पाण्याची खूण

राजाराम बंधाऱ्यावर सत्तेचाळीस फूट
आणि चढतंच होतं.
दुपारपर्यंत गाव उरलं नव्हतं,
बेटं उरली होती:
तालमीचा माळा, सोसायटीचं गोडाऊन, शाळेची गच्ची
आणि टेकाडावरचं आमचं चर्च,
कौलारू, बारा बाकांचं.

तिथली घंटा माझ्या बापाकडं, शांतवन आवळेकडं.
रात्रभर दोर ओढत राहिला,
होडीवाल्याला अंधारात दिशा कळावी म्हणून.

पहाटेच्या होडीतनं आत्या उतरली.
डोक्यावर यल्लम्माचा जग,
खांद्याला चौंडकं, काखेत परडी.

एका आईची दोघं.
ह्याला मिशनच्या दवाखान्यानं तापातनं ओढून काढलं,
हा तिकडचा झाला.
हिच्या केसात जट आली,
ही देवीची.
एकतीस वर्षं एकाच नळाचं पाणी,
आणि एकमेकांच्या हातचा घास नाही.

दारात थबकली.
"आत यिऊ का रं? आईबी हाय बरोबर."
बाप कौलांकडं बघत राहिला.
मग पेटीवरची गीतपुस्तकं उचलून
म्हणाला, "ठेव हितं. खाली वल लागंल."

तीन दिवस.
तिचं उदं आणि त्याचं आमेन
पत्र्यावरच्या पावसात
मला वेगळं काढता येईना.
रात्री कुणाचं तरी पोर रडलं की
ती चौंडक्याची तार हळूच छेडायची,
बाप कूस बदलायचा,
उठून गप्प कर म्हणाला नाही.

तिसरा दिवस रविवार.
पाळकसाहेब शिरोलीत अडकलेले.
बिस्किटं संपलेली.
कोरडं पीठ होतं ते परडीत,
पाच घरचा जोगवा, ज्वारीत नाचणी मिसळलेली.
एक मोडकं बाक फोडून तिनं चूल पेटवली.
चव्वेचाळीस माणसं, सात भाकऱ्या.
पुरल्या नाहीत.
चमत्कार वगैरे काही झाला नाही.

बापानं डोळे मिटले.
नेहमीची प्रार्थना, नेहमीपेक्षा लांब.
मग चतकोर मोडला, तिच्यापुढं धरला.
"तू आधी," ती म्हणाली, "धाकटा हाईस."
त्यानं खाल्ला.
धुरानं असंल, डोळे पुसले.

पाणी उतरलं. वास दिवाळीपर्यंत राहिला.
रंगारी आला, तेव्हा पेटीच्या वर, भिंतीवर
भंडाऱ्याची पाच बोटं.
तो ब्रश टेकवणार, तोच बाप म्हणाला,
"तेवढं सोड. महापुराची खूण हाय."

पाणी तिथवर आलंच नव्हतं.