थांबली की थरथरते

सोहारच्या सनैयात, शेड नंबर एकोणीस.
बोनेट उघडायला फडकं दोनदा दुमडावं लागलं.

क्रेसिडा. एकोणनव्वदची. रंग मलईचा,
म्हणजे एकेकाळी; आता टपावर पापुद्रे.
डॅशबोर्डला तडे, तड्यांवर गालिच्याचा तुकडा,
गालिच्यावर बागेतली तीन लिंबं,
उन्हाने काळी पडलेली.

"पळते तेव्हा घोडा," खल्फान म्हणाला,
"सिग्नलला थांबली की थरथरते. मरते.
तूच बघ, बेडणेकर."
अरबीत प नाही.
सव्वीस वर्षं मी ब लावून जगतो.

"कधीपासून?" मी विचारलं.
हा माझा पहिला प्रश्न. प्रत्येकाला.
"रमजानच्या आधीपासून."

त्याच्या खिशात यादी होती :
प्लग नवे, वायरी नव्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी,
कार्बोरेटर दोनदा उघडलेला.
शेवटच्या पोराने तर स्कॅनर आणला
आणि अर्धा तास तो लावायचं भोक शोधत राहिला.
हिला भोक नाही रे बाळा.
हिला विचारावं लागतं.

विचारलं.
प्लग पांढुरके निघाले,
म्हणजे बाई कुठून तरी हवा पितेय.
कॉम्प्रेशन घेतलं : चारही सिलिंडर एकशे साठच्या आत-बाहेर.
काळीज ठणठणीत.
तेल बोटावर घेऊन हुंगलं. पाणी नाही.
मग कुठे?

शेजारी ग्राइंडर, पलीकडे पत्रा ठोकणारे,
डोक्यावर कॉम्प्रेसर.
त्यात डावा कान मी कधीच
एका ट्रकच्या सायलेन्सरला देऊन बसलोय.

असरची बांग झाली.
ग्राइंडर थांबला. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला.
मोफिजने हात धुतले, चपला शोधल्या, गेला.
खल्फानही गेला.
मी आणि चालू इंजिन, एवढेच उरलो.

तेव्हा ऐकू आलं.
सुस्सऽ
भाताच्या झाकणाखालून येतो तेवढाच.

रबरी पाइपचा तुकडा उजव्या कानाला लावला,
डॉक्टरसारखा नाही,
भिंतीला कान लावणाऱ्या शेजारणीसारखा.
मॅनिफोल्डच्या मागे, हात जेमतेम जाईल अशा अंधारात
करंगळीएवढी नळी.
वरून धडधाकट. खालच्या अंगाला चीर.

अंगठा दाबला.
नाचणारी सुई साडेसातशेवर येऊन बसली.
उचलला. थरथर.
दाबला. शांत.
चार-पाचदा केलं. गरज नव्हती.

मे महिन्यात दाभोळला गेलो होतो, पंचेचाळीस दिवस.
पहिले आठ दिवस पंप दुरुस्त केला, गेटच्या बिजागऱ्या,
शेजाऱ्याची मोटरसायकल, देवळातला पंखा.
नवव्या दिवशी सुलभा म्हणाली, आता बसा.
बसलो.
चहा हातात, आणि गुडघा हलायला लागला.
आपोआप. बशी वाजेपर्यंत.
तिने बशी काढून घेतली,
गुडघ्यावर हात ठेवला.
थांबला.
तिने हात काढला, बघितलं, परत ठेवला.
"कधीपासून?" तिने विचारलं.

मी म्हटलं, चहात साखर कमी आहे.

खल्फान परतला तेव्हा नळी बदलून झाली होती.
जुनी त्याच्या तळहातावर ठेवली.
उलटसुलट करून तो हसला,
मग हसायचा थांबला. यादीतले आकडे आठवले असावेत.
"किती?"
"अर्धा रियाल. नळीचा."
"आणि कानाचा?"
मी त्याला दहा सांगितले. त्याने बारा दिले.

जाताना त्याने डॅशबोर्डवरचं एक लिंबू उचललं
आणि माझ्या पान्यांच्या पेटीवर ठेवलं.

गाडी गेली. गोल चौकाशी थांबलेली दिसली,
पुढे कोणी नसतानाही बराच वेळ थांबलेली.

लिंबू हलकं होतं, काळं, कडक.
उजव्या कानाशी धरून हलवलं.
आत काहीतरी सुटं होतं.