दहा रुपयांचा नवा कोरा

सात रस्त्याजवळच्या हॉटेलात, वरच्या हॉलमध्ये,
पुण्याहून आलेला साहेब पडद्यावर रेघ चढवतोय.
एसी चालू, तरी वैशाखातलं सोलापूर
काचेला नाक लावून उभं.

आम्ही चाळीस एजंट. पुढ्यात समोसा, फाइल, पेन.
"नवा फंड. युनिट फक्त दहा रुपयांना.
पंधरा दिवस खिडकी उघडी.
बाजारात असे सतरा आहेत, पण आपला वेगळा."
वेगळा कसा, हे विचारायला हात अर्धा वर गेला,
त्याच हातानं मी चटणी पुढे ओढली.

माझे वडील, नरसय्या, मिलमध्ये जॉबर होते.
मिल बंद पडल्यावर घरातच दोन माग टाकले.
सूत तेच, काठ नवा, लेबलवर मोर,
असा टॉवेल खपवणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव निघालं
की ते उठून बाहेर जाऊन थुंकायचे.

संध्याकाळी स्कूटर अशोक चौकातून आत घातली.
अंबुबाई चिलवेरी उंबऱ्यात, मांडीवर सूप,
कात्रीखाली तेंदूची पानं.
चार वर्षांपूर्वी मीच तिला एक फंड दिला होता,
महिना पाचशे.
पोस्टातल्या ठेवीच्या थोडा मागे राहिलाय.
थोडा म्हणजे किती, ते सांगताना
शेजारच्या मागांचा खडखडाट मला बरा वाटला.

"तो राहू दे, यात ये," मी म्हणालो,
"दहाच रुपये."
दहा म्हणजे स्वस्त नव्हे, मोजायची नुसती सुरुवात,
हे मला ठाऊक आहे. बोललो नाही.

तिनं माहितीपत्रक घेतलं आणि आधी उलटं केलं,
माल मागून बघतात तसं,
धागा कुठं सुटलाय, गाठ कुठं लपवलीय.
"हे बारीक काय लिवलंय?"

जाहिरातीत ते वाक्य एका श्वासात पळतं.
मी पहिल्यांदाच सावकाश वाचलं, मराठीत,
मग तेलुगूत सांगू लागलो
आणि जोखमीपाशी अडलो.
"छाट," ती म्हणाली.

हजार विड्या नेल्या की कारखान्यात
शंभरेक बाजूला सारतात. त्यांची मजुरी नाही.
"नवी कंपनी आली तरी छाट असतीच की.
पयल्या आठवड्यात तेवढी कमी काढत्यात,
बाया जमेपर्यंत."
मग पान उलटवत, माझ्याकडे न बघता,
"तुझ्या सायबाची छाट कोण काढतो रे?"

जुने पाचशे चालू ठेव म्हणाली. मूठभर शेंगा दिल्या.

फॉर्म डिकीत आहेत, घडी न मोडलेले.
शुक्रवारपर्यंत पंचवीस हवेत.
साहेबाला मी सहा सांगितलेत.
त्यातला एक माझा, बायकोच्या नावानं.